शिळा उपकार चालत नाही

घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या रोपांच्या जुड्या दिसायला लागल्या की माझा एक हंगाम सुरू होतो. खरं तर मला शेत नाही, कांदा मी विकतच आणते. रोपांशी माझा संबंध जाता येता वास येण्यापुरता. ओल्या गोणपाटाखाली दाबून ठेवलेल्या हिरव्या पातीचा तो वास धड तिखट नसतो, धड गोडही नसतो. सकाळी शिकवायला शाळेकडे निघाले की स्टँडच्या अलीकडे लागणीला जाणाऱ्या बायका डोक्याला फडकी बांधून टेम्पोची वाट बघत उभ्या असतात. हातात डब्याची पिशवी, पायात रबरी चपला, थंडीनं आखडलेले खांदे. त्यांच्याकडे बघत मी जरा सावकाश चालते, एवढंच.

त्या वासाबरोबर मला उपकारस्तुती हा शब्द आठवतो. आम्ही ख्रिस्ती. हे सांगितलं की समोरचा माणूस हटकून दोन गोष्टी विचारतो. नाताळला केक करता का, आणि मग तुमचं आडनाव असं आमच्यासारखं कसं. आडनाव आमच्या सगळ्या भावकीचंच आहे आणि नाताळला आम्ही करंज्या करतो. माझ्या गावी, पिंपळवंडीत, ओढ्याच्या पलीकडे आमची पाच-सहा घरं आणि पत्र्याचं छप्पर असलेलं एक देऊळ. चर्च हा शब्द आमच्यात पाहुण्यांसमोर वापरायचा. आपसात देऊळच.

उपकार हा शब्द एरवी मराठी माणसाला जड जातो. ‘माझ्यावर उपकार करतोस काय’ असं आपण भांडताना म्हणतो. आमच्या घरात मात्र तो मीठमिरचीसारखा रोजचा होता. दिवेलागणीनंतर उपासना व्हायची. एक गायन, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा, आणि मग प्रत्येकानं त्या दिवसाचा एक उपकार सांगायचा. शेवटी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, प्रार्थना. आण्णा गवंडी होते. गावात त्यांना शांतवन मिस्त्री म्हणत. गवंड्याला ओळंब्याची सवय असते, त्यामुळे उपासनेतही त्यांचे नियम सरळ आणि कडक होते. उपकार आजचाच पाहिजे, शिळा चालणार नाही. आणि तो नाव घेऊन सांगायचा, मोघम नाही.

या नियमांचा सगळ्यात जास्त जाच आत्याला व्हायचा. आत्या आण्णांची थोरली बहीण, ते तिला आक्का म्हणत; ती विधवा, आमच्याकडेच राहायची. तिला मिश्री लावून लवकर आडवं व्हायचं असायचं. म्हणून ती रोज देवानं श्वास दिला म्हणून मोकळी व्हायला बघायची आणि आण्णा ते परत पाठवायचे. एकदा तिनं चोरानं शेजारच्या कोंबड्या नेल्या, आपल्या ठेवल्या, याबद्दल उपकार मानले. दुसऱ्याचं नुकसान हा आपला उपकार होत नाही, असं म्हणून आण्णांनी तोही नामंजूर केला. आत्या म्हणाली, देव तरी एवढी तपासणी करत नसेल. माझे उपकार शाळकरी असायचे. गणिताच्या बाई आल्या नाहीत हा उपकार धरायचा की नाही, यावर एकदा घरात बराच वाद झाला होता.

आईचे उपकार मात्र ऐकण्यासारखे असायचे. ती फार बोलणारी बाई नव्हती. पण दिवसभरातलं काहीतरी एवढंसं तिनं उचलून ठेवलेलं असायचं. आज भाकरीला पापुद्रा चांगला आला. आज हापशावर रांग नव्हती. आज बांधावर साप होता, त्यानं आधी वाट सोडली. ती हे साध्या आवाजात सांगायची आणि पदर सारखा करायची. मला तेव्हा वाटायचं, हिला हे रोज सापडतं कुठं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी बारावीला होते. दसरा होऊन गेला होता, बाजरीची खळी आटोपली होती, उसाच्या फडांवर तोडकऱ्यांच्या खोप्या पडायला लागल्या होत्या. बबनराव म्हणून एक बागायतदार, त्यांच्या दुमजली घराचा बाहेरचा गिलावा आण्णांनी घेतला होता. परांची आण्णांनी स्वतः बांधली होती. बांबू त्यांनी निवडलेले, गाठी त्यांनी मारलेल्या. भिंतीच्या कडेला घासून घासून एक दोर तुटला आणि आण्णा खाली विटांच्या ढिगावर पाठीवर पडले.

जीपमधून नारायणगाव, तिथून पुणे. मणक्याला मार होता. कमरेखाली पाय होते, पण आण्णांना ते आपले वाटत नव्हते. काही दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की नाताळपर्यंत तरी फळीवर सपाट झोपवा. पुढं पाय उठतील का, असं आईनं विचारलं. ते पायच सांगतील, म्हणाले. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं म्हणता येईल.

बबनराव रोज सकाळी दूध घेऊन यायचे आणि दारात अपराध्यासारखे उभे राहायचे. त्यांचा काही दोष नव्हता. आण्णांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की गाठ माझी व्हती, दोर माझा व्हता, तुमी कशाला मनाला लावून घेता राव. त्यामुळे झालं असं की आईला रागवायला माणूसच उरला नाही. बबनरावांवर रागवता येईना, पडलेल्या नवऱ्यावर रागवता येईना. मग ती देवावर रागावली. हे मला आज असं सरळ लिहिता येतं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं, की आण्णा घरी आल्यानंतरच्या पहिल्या उपासनेत आई बोलली नाही.

त्या संध्याकाळी वीज गेलेली होती. चिमणी पेटवून कोनाड्यात ठेवली होती. आण्णांनी झोपूनच गायन धरलं. पडलेल्या माणसाचा आवाज छातीतून निघत नाही, गळ्यातून निघतो, हे मला तेव्हा कळलं. उतारा मी वाचला. आण्णांनी आपला उपकार सांगितला, आज आक्कानं पेज पाजली आन एक थेंब सांडला न्हाई. आत्याचा झाला, माझा झाला. मग आई. ती भिंतीला टेकून बसली होती, नजर खाली. आण्णा थांबले. चुलीवर दूध वर यायला लागतो तेवढा वेळ असेल. कुणी खाकरलं नाही, कुणी तिला हटकलं नाही. मग आण्णांनी डोळे मिटून शेवटची प्रार्थना केली आणि आई ताटं घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, चार दिवसांनी आण्णा तिला वगळून पुढं जातील किंवा चार शब्द सुनावतील. दोन्ही झालं नाही. रोज तिची वेळ यायची, रोज ते थांबायचे आणि रोज ती काही बोलायची नाही. भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतकं शांत भांडण पुन्हा पाहिलं नाही.

आई लागणीला जाऊ लागली ती तेव्हाच. पहाटे उठून आण्णांचं सगळं करायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवून पाठीला पावडर लावायची, भांडं धुवायचं. मग भाकरी बांधून निघायचं. गार पाण्यानं भरलेल्या वाफ्यात दिवसभर ओणवं राहून चिखलात रोप खोचत मागं मागं सरकायचं. संध्याकाळी ती आली की तिच्या बोटांना पातीचा वास असायचा आणि टाचांच्या भेगांत काळी माती. कंबर धरून ती उंबऱ्यावर बसायची आणि आण्णा आतून विचारायचे, किती वाफे झाले. ती सांगायची. बोलणं बंद नव्हतं त्यांचं. देवाशी तेवढं बंद होतं.

माणसं भेटायला यायची. सलाम करून खाटेजवळ बसायची. आमच्यात आजाऱ्याला भेटायला जाणं हे मोठं काम समजतात आणि ते मनापासून करतात. पण प्रत्येक जण जाताना काहीतरी ठेवून जायचा. यात देवाची काहीतरी योजना असेल. डोक्याला लागलं नाही, उपकार माना. तुमची परीक्षा घेतोय तो. दुसऱ्याच्या दुखण्यात उपकार शोधून देणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम असावं, कारण ते करताना आपली पाठ सरळ असते. आई सगळ्यांना चहा करायची. एका बाईंनी फारच लावून धरलं तेव्हा ती म्हणाली, “उपकार मानायचं माझं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमी चहा घ्या, गार व्हतोय.”

एक दिवस मी तिच्याबरोबर खोडदच्या बाजूला एका शेतावर गेले होते. तिथं शेतांमधून रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. आमच्या बाजूच्या लोकांना त्यांचं आता काही वाटत नाही, गुरं त्यांच्या कुंपणाला लागून चरतात. दुपारची भाकरी खाताना समोरची तबकडी हळूहळू वळत होती. ह्या आकाशातलं ऐकतात, असं मी शाळेतलं ज्ञान सांगितलं. आईनं कांदा फोडला आणि विचारलं, तिकडनं कुणी बोलतं का. उत्तराची वाट न बघता ती उठून पुन्हा वाफ्यात उतरली.

दिवाळी झाल्यावर आमच्या देवळात हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार असतो. प्रत्येक घरानं आपल्या हातच्या कामाचं पहिलं फळ आणायचं, वेदीपुढं ठेवायचं आणि सगळ्यांसमोर उपकाराचं एक वाक्य बोलायचं. बाजरीची कणसं येतात, भोपळे येतात, टोमॅटोच्या पाट्या येतात, अंडी येतात. एखादी कोंबडी पाय सोडवून बाकांखालून पळते आणि उपदेशाची वाट लागते. विकतची वस्तू चालत नाही. गवंड्याच्या घरी काय पिकणार, म्हणून आण्णा दरवर्षी त्या रविवारच्या आधी देवळाला आतून चुना मारून द्यायचे. ते आमच्या घरचं पहिलं फळ. पावसाळ्यात भिंतींना आलेली ओल, शेवाळाचे डाग, सगळं त्याखाली जायचं आणि रविवारी देऊळ उजळलेलं असायचं.

त्या वर्षी पाळकसाहेब, म्हणजे आमच्या देवळाचे धर्मगुरू, घरी आले. चांगला माणूस, आवाज मऊ. म्हणाले, देवळाच्या मंडळीनं ठरवलंय, मिस्त्री उठेपर्यंत भिंत तशीच राहू द्यायची. ते आमचं प्रार्थनेचं चिन्ह. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “भितीनं काय केलंय? हे उठले न्हाईत तर ती जलमभर डागाळलेली ठेवनार का?” पाळकसाहेब उठले. ते प्रार्थना करून गेले.

शनिवारी आई लागणीला गेली नाही. आण्णांची बादली आणि कुंचा घेऊन ती देवळात गेली आणि एकटीच चुना मारत बसली. मी दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा तिचे हात, पापण्या, केस सगळं पांढरं झालं होतं. तीन भिंती झाल्या होत्या. पण शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती ती तशीच होती, तिच्यावर चुन्याचा एक थेंबही नव्हता. आईनं आपला हात पोचेल तिथपर्यंत चुना मारला होता. त्याच्या वर जुनी ओल, डाग, सगळं जसंच्या तसं. वर मी मारते, असं मी म्हणाले. तिनं कुंचा माझ्या हातात दिला नाही. शिडीकडे बोट करून म्हणाली, तिच्यावर आपल्या घरातलं कुणी चढायचं न्हाई.

रविवारी देऊळ अर्धं पांढरं, अर्धं डागाळलेलं. लोक वर बघायचे, मग खाली बघायचे. एकेक घर पुढं जात होतं. आमचं नाव आलं तेव्हा आई उठली. हातात काही नव्हतं. वेदीपुढं उभी राहून ती म्हणाली, “भितीला चुना मारलाय. बोलायचं काई न्हाई.” आणि परत येऊन बसली. रिवाज असा, की प्रत्येक घराच्या वाक्यानंतर मंडळीनं आमेन म्हणायचं. आता वाक्य तर झालंच नव्हतं. पाळकसाहेब आईकडे बघत राहिले. मग पहिल्यांदा त्यांनीच हळू आवाजात आमेन म्हटलं आणि मागून सगळे म्हणाले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे तो त्या दिवसापासून.

भक्ती, म्हणजे देवळातली उपासना, सुटली आणि खरी गंमत पुढं झाली. आई गवंड्याची बायको, पण चुना कालवताना त्यात डिंक घालायला ती विसरली होती. डिंकाशिवाय चुना भिंत धरत नाही, टेकेल त्याला लागतो. त्यामुळे जे जे भिंतीला टेकून बसले होते ते सगळे पांढऱ्या पाठी घेऊन बाहेर पडले. काळे कोट, नव्या साड्या, कुणाला सोडलं नव्हतं. ओढ्यापर्यंत ती पांढऱ्या पाठींची रांग एकमेकांना झटकत चालली होती. आत्यानं घरी येऊन साग्रसंगीत वर्णन केलं. आण्णा ऐकत होते. “डिंक न्हाई घातला व्हय?” त्यांनी विचारलं आणि हसायला लागले. हसल्यावर मणक्यात कळ यायची, तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण हसणं थांबेना. पडल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आज संध्याकाळी ती नक्की बोलणार. ती बोलली नाही.

नाताळ आला आणि गेला. बांबूच्या कामट्यांची चांदणी दाराला टांगली, करंज्या झाल्या, थोड्या. आण्णांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. मग घोटा. थंडी सरता सरता एके दिवशी बबनरावांनी आणि मी दोन्हीकडून धरलं आणि आण्णा चौकट पकडून उभे राहिले. पाय थरथरत होते, तोंडावर घाम होता, पण ते उभे होते. बबनराव लहान मुलासारखे रडले. आत्यानं गल्लीभर सांगितलं. त्या संध्याकाळी शेजारची दोन घरं आमच्या उपासनेला येऊन बसली. सगळ्यांचे उपकार एकच होते आणि त्या दिवशी आण्णांनी कुणालाच हटकलं नाही. मग आईची वेळ आली. सगळे तिच्याकडे बघत होते. आण्णा थांबले, नेहमीसारखे. आई गप्प राहिली.

त्या गप्प बसण्याचा मला राग आला होता. आण्णा उभे राहिले, आणखी काय हवं होतं तिला, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

पुढं मी शिक्षिका झाले, घोडेगावला आले. आण्णा काठीवर चालू लागले. परांचीवर पुन्हा चढले नाहीत, खालच्या खाली बसून जमेल ती कामं करायचे. हातात मोबाईल आले तेव्हा त्यांनीही एक घेतला आणि आई माझ्याकडे राहायला आली की दिवसातून चार वेळा फोन करून तिखटाचा डबा कुठं आहे ते विचारायचे. असाच एकदा फोन ठेवून आई दारात ऊन खात बसली होती. समोरच्या रस्त्यावरून रोपांनी भरलेला टेम्पो गेला आणि तो वास आला. मी तिला विचारलं, त्या दिवशी का नाही बोललीस.

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “त्या दिवशी मानला असता तर सौदा झाला असता. तू पाय दे, मी उपकार देते. मग उद्या पाय गेले तर काय, दिलेला उपकार मागं घ्यायचा? देवाशी मला बाजार करायचा नव्हता.”

मी म्हटलं, मग पडण्यातही त्याची काही योजना होती असं तुला आता वाटतं का.

“पडले ते वाईटच झालं,” आई म्हणाली. “त्याचा उपकार मी आजून मानला न्हाई. मानणार बी न्हाई. देवाला म्हाईत हाय ते. त्यानं माझ्याकडं कदी मागितला बी न्हाई.”

मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. दुःखात उपकार कसे मानावेत, यावर चांगली चांगली माणसं बोललेली ऐकली आहेत. माझा स्वतःचा स्वभाव त्यातला नाही, मला संकटात आधी चिडायला होतं आणि उपकार नंतर, ओढून ताणून. पण आईचं ते बोलणं मला पटतं. जे वाईट आहे त्याला चांगलं म्हणायला लावणारा देव तिला नको होता, आणि तसा तो नाही यावर तिचा विश्वास होता. बारा वाटांनी फिरून मीही आता तिथंच येते.

त्याच वर्षी, आण्णा उभे राहिले त्यानंतर बरेच दिवस गेले होते. कांद्याची खुरपणी चालू होती. त्या दिवशी काहीही घडलं नव्हतं. आण्णा जेवढे काल चालले होते तेवढेच आज चालले होते, कुणी भेटायला आलं नव्हतं, भाजीला वांगं होतं. संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. गायन झालं, उतारा झाला. आत्यानं श्वासाचा उपकार मानून बघितला आणि आण्णांनी तो परत पाठवला. मग आईची वेळ आली आणि आण्णा थांबले.

आई म्हणाली, “देवा, मी बोलत नव्हते तरी हे रोज माझ्यासाठी थांबले. एक दिस बी मला वगळून फुडं गेले न्हाईत. तूबी थांबलास. त्याचा उपकार.”

मग शेवटची प्रार्थना राहिली होती. आण्णांनी डोळे मिटले, घसा साफ केला, पुन्हा साफ केला. आम्ही वाट बघितली. जरा वेळानं ती प्रार्थना आईनंच म्हटली.